दारापाशी बसलेल्या तीन ओळी

चोलोक-बुलाक जिल्हा उष्णता विभागाच्या संकेतस्थळावरची सगळी अक्षरं काळी होती. विभाग स्थापन झाल्यापासून ती काळीच होती आणि त्याबद्दल कोणाचीही लेखी किंवा तोंडी तक्रार नव्हती. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर काही लोक आमच्या हौसेवर फोडतात. रंगांची मागणी विभागाची नव्हती. ती एका वाचकाची होती.

त्या वाचकाचं नाव सिर्गा. खोऱ्याच्या वरच्या टोकाला आमचं एक बॉयलरघर आहे. तिथली शाळा आणि शाळेला लागून असलेलं प्रसूतिगृह, या दोन इमारती त्याच्यावर तापतात. सिर्गा तिथे चालक म्हणून नव्यानं लागली होती. आधीचा चालक जास्त पगारासाठी रशियात निघून गेला आणि जाताना तिच्या हातात किल्ल्या, एक फावडं आणि आमच्या संकेतस्थळाचा पत्ता ठेवून गेला. नोकरीबरोबर तिला बॉयलरघरामागच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिथे ती आणि तिची आई राहायची. पहिला हिवाळा सुरळीत पार पडला तर नोकरी कायम आणि खोल्याही कायम; नाही तर दोन्ही सोडायचं, असं तिच्या नेमणूकपत्रात स्पष्ट होतं.

आमचे बॉयलर संगणकावर चालतात. चालकानं संकेतस्थळावरचा कोड उतरवून घ्यायचा, बॉयलरघरातल्या संगणकात टाकायचा, पुढचं सगळं मशीन करतं. त्या कोडमध्ये कामाच्या ओळी तीनच: आधी परतीच्या नळाची झडप उघडायची, मग पंप चालू करायचा, आणि पुरवठ्याची झडप अगदी शेवटी, तीही हळूहळू. ही निव्वळ तांत्रिक बाब आहे. वाचकांनी तिच्यात न अडकता पुढे जायला हरकत नाही. या ओळींच्या आजूबाजूला टिपा असतात. टीप म्हणजे माणसानं माणसासाठी लिहिलेला मजकूर. मशीन टीप वाचत नाही, ती ओलांडून पुढच्या ओळीवर जातं.

तर सिर्गानं एके दिवशी मला फोन केला. मी विभागाचा मजकूर-अधिकारी आहे. पानावर काय जातं ते माझ्या सहीनं जातं.

"कुबात बायके, एक विचारू का?" आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बायके म्हणतात; पोरीला रीतभात होती. "त्या पानावर टिपा आणि कामाच्या ओळी एकसारख्याच काळ्या आहेत. हिवाळ्यात पहाटे बोटं गारठलेली असणार, डोळ्यांत कोळसा गेलेला असणार. कुठली ओळ काम करते आणि कुठली नुसती बोलते, तेच कळत नाही. काहीतरी वेगळं दिसेल असं करता येईल का?"

मी तिची मागणी नोंदवून घेतली आणि बेकतुरकडे पाठवली.

बेकतुर आमचा प्रोग्रामर. आमचं संकेतस्थळ त्यानंच उभं केलेलं. ते स्थिर प्रकारचं आहे. म्हणजे साध्या मजकुराच्या फायली एका प्रोग्राममध्ये घालायच्या, तो त्यांची तयार पानं करून मांडून ठेवतो. मग कोणीही आलं तरी त्याला तेच पान मिळतं. सकाळी एकदा नान भाजून ठेवावेत तसं हे असल्यामुळे त्या प्रोग्रामला कार्यालयात सगळे तंदूर म्हणायचे. कोडला रंग द्यायचे तर तंदुरात एक जादा भाग बसवायचा होता. बेकतुरनं तो दुपारच्या चहाआधी बसवला. कामाच्या ओळी ठसठशीत निळ्या झाल्या, आकडे हिरवे झाले आणि टिपा मागे सरून करड्या झाल्या. लांबूनही कळत होतं काय करायचं आणि काय नुसतं वाचायचं.

इथेच पान प्रसिद्ध झालं असतं, तर ही कथा इथेच संपली असती. पण विभागात कोणतीही गोष्ट प्रमुखांच्या नजरेखालून गेल्याशिवाय प्रसिद्ध होत नाही, आणि होऊही नये.

आमचे प्रमुख कादिरकुल बायके. त्यांनी चष्मा लावला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बोट ठेवलं.

"हे करडं काय आहे?"

"टीप आहे, बायके," बेकतुर म्हणाला. "मशीन वाचत नाही ती."

"वाच."

बेकतुरनं वाचलं: सदर कोड विभागप्रमुख कादिरकुल यांच्या बहुमोल मार्गदर्शनाखाली तयार करण्यात आला.

चहा ओतणाऱ्या बाईचा हात किटलीवरच थांबला.

"म्हणजे मी करडा," बायके शांतपणे म्हणाले.

"तसं नाही, बायके. सगळ्याच टिपा—"

"आणि हे निळं कोण?"

"ती आज्ञा आहे. झडप उघडण्याची."

"लेका, या विभागात आज्ञा कोण देतं?"

 या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हतं.

"ती निळी आणि मी राखेच्या रंगाचा," बायके म्हणाले. "उद्या राजधानीतून कोणी हे पान उघडलं तर काय म्हणेल? कादिरकुल संपला म्हणेल. जा, मामबेत-आतांना बोलाव."

मामबेत-आता विभागातून कधीच निवृत्त झाले आहेत, पण रोज येतात; आमच्याकडे आजोबांच्या वयाच्या माणसाला आता म्हणतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या पंगतीत मेंढीचं मांस वाटायचं ते त्यांनीच. आमच्याकडे मेंढीचा प्रत्येक तुकडा कोणाचा ते ठरलेलं असतं. जंबाश, म्हणजे कमरेचं हाड, सगळ्यात मानाच्या माणसाला. मग नळीची हाडं उतरत्या क्रमानं. बरगड्या तरुणांना. ताटात काय पडलं त्यावरून माणूस कोण आहे ते सगळ्या घराला कळतं. चुकीचं हाड गेल्यामुळे ठरलेली सोयरीक मोडली, अशी घराणी आमच्या खोऱ्यात आहेत आणि ती अजून एकमेकांच्या मयताला जात नाहीत. मामबेत-आतांकडून मात्र आजवर एकही हाड चुकलेलं नाही.

त्यांना पडदा दाखवला. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "हे वाटप कोणी केलं?"

"मशीननं, आता," बेकतुर म्हणाला. "शब्द काय काम करतो त्यावरून रंग ठरतो."

"काम?" मामबेत-आता हसले. "पोरा, पंगतीत काम बघून हाड देतात का? काम चुलीपाशी बसलेला माणूस करतो. त्याला आपण आतडी देतो, आणि तो खूश असतो."

त्याच दिवशी रंगवाटप समिती नेमण्यात आली. अध्यक्ष कादिरकुल बायके, सल्लागार मामबेत-आता, सचिव मी. बेकतुरला विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं, म्हणजे त्यानं बसायचं पण मत द्यायचं नाही.

समितीचं तत्त्व सोपं होतं. शब्दाला रंग शब्दाच्या कामावरून नव्हे, तर तो लिहिणाऱ्याच्या मानावरून मिळेल. कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद संगणकात असतेच. ती तंदुराला जोडायची, एवढंच. जंबाशाचा रंग सोनेरी ठरला. तो अर्थातच बायकेंना मिळाला. त्याखाली डाळिंबी, मग हिरवा, मग निळा, आणि बरगडीला फिकट पिवळा.

कामाच्या त्या तीन ओळींशी येऊन समिती अडली. नोंद पाहिली तर त्या ल्युद्मिला पाक नावाच्या एका हंगामी बाईनं लिहिलेल्या निघाल्या. कंत्राटावर आली, तीन ओळी लिहिल्या, कझानला निघून गेली.

"ती पंगतीला येणार आहे का?" मामबेत-आतांनी विचारलं.

"नाही, आता. पत्तासुद्धा नाही."

"मग तिचं ताट कशाला मांडायचं?"

तिच्या ओळींना रंग देऊ नये असं ठरलं. अगदीच अदृश्य केल्या तर पानात भोक पडलेलं दिसेल, म्हणून त्यांना धुतलेल्या फळ्यासारखा फिकट करडा दिला. बेकतुर हात वर करून काहीतरी सांगू पाहत होता, पण तो विशेष निमंत्रित होता.

"बायके," शेवटी तो बोललाच, "मशीन फक्त याच ओळी वाचतं. बाकीचं काहीच वाचत नाही."

"मशीनला वाचायची गरज काय?" बायके म्हणाले. "मशीन कोणाला बढती देतं का?"

नव्या रंगांचं पान भाजून मांडलं गेलं आणि कार्यालयात एक निरोगी उत्साह आला. इतकी वर्षं संकेतस्थळ कोणी उघडत नव्हतं. आता सकाळी आल्या आल्या सगळे तेच उघडायचे. ज्यांची ओळ होती ते ती पाहायचे. ज्यांची नव्हती ते माझ्या टेबलाशी यायचे.

पहिल्या आल्या लेखा विभागाच्या जिपार एजे; एजे म्हणजे थोरली बहीण. बोरसोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पुरचुंडी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "कुबात, मला काही मोठं नको रे. एक ओळ दे. छोटी चालेल. फक्त हिरवी नको."

"हिरवीला काय झालं, एजे?"

"हिरवी माझ्या जावेला दिलीय तुम्ही. तिच्या पंगतीत मी बसायची का?"

एजेंनी टीप लिहिली: वरील ओळ तपासली, बरोबर आहे. त्यांना निळा दिला. त्यावर जाऊबाईंनी टीप लिहिली: तपासणी तपासली. भांडार विभागानं नवरोजच्या शुभेच्छा दिल्या. कामगार प्रतिनिधीनं कादिरकुल बायकेंना नातू झाल्याबद्दल अभिनंदनाची ओळ घातली. तिला डाळिंबी मिळाला, तेव्हा इतर प्रतिनिधींनाही त्या नातवाचा आनंद झाला. पान लांबत गेलं. तंदूर पूर्वी बोट उचलेपर्यंत पानं भाजून द्यायचा. आता तो सकाळी लावला की जेवणापर्यंत धापा टाकत बसायचा.

मध्यंतरी दोन उपप्रमुखांचा प्रश्न आला. दोघं एकाच वर्षी, एकाच गावात जन्मलेले, आणि दोघांच्याही आया हयात. प्रत्येक आई म्हणे माझाच आधीचा. दोघांना डाळिंबी दिला तर दोघांचाही अपमान. एकानं सुचवलं की त्याची ओळ लुकलुकती ठेवावी. कादिरकुल बायकेंनी ते ठामपणे फेटाळलं. "आपलं संकेतस्थळ स्थिर आहे," ते म्हणाले. "त्यावर काहीही हलता कामा नये." तंत्रज्ञानातली एवढी एक बाब त्यांना पक्की ठाऊक होती. अखेर एकाला अक्षर जाड दिलं आणि दुसऱ्याला तिरकं, आणि दोघांनाही खाजगीत सांगितलं की तुझंच वरचं.

सगळं मार्गी लागलंय असं वाटत असतानाच मामबेत-आता पडद्यासमोर उभे राहून मान हलवू लागले.

"कादिरकुल, तुला जंबाश दिलं. पण बसवलं कुठे, ते पाहिलंस का?"

आम्ही पाहिलं. सोनेरी ओळ पानाच्या मधोमध होती, आणि तिच्या डोक्यावर ल्युद्मिला पाकच्या ओळी. म्हणजे हंगामी बाई घराच्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी, गालिच्यावर. आणि विभागप्रमुख तिच्या खाली, दारात काढलेल्या जोड्यांच्या बाजूला.

 मला स्वतःला शरम वाटली, कारण पानावर सही माझी होती.

ठराव तिथल्या तिथे झाला. ओळी मानाप्रमाणे बसवाव्यात: सोनेरी सर्वांत वर, मग उतरत्या क्रमानं, आणि करड्या अगदी तळाला, दारापाशी.

बेकतुर उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. "बायके, टिपा हव्या तिथे बसवा. वर बसवा, भिंतीवर टांगा. पण त्या तीन ओळींचा आपसातला क्रम हलवू नका. त्या क्रमावर सगळं आहे."

"क्रम कोण हलवतंय? त्या तळाला जातील."

"तंदूर आता मानानं लावतो. तिघींचा मान सारखा, म्हणून तो विचारतोय की आपसात कशा लावू."

मामबेत-आतांनी क्षणभर विचार केला. "लांबीनं लाव. लांब ओळ वर, आखूड खाली. कडा सुबक दिसते."

"आता, उघडण्याचा क्रम—"

"पोरा," कादिरकुल बायके समजुतीच्या सुरात म्हणाले, "दारापाशी बसणाऱ्यांचा क्रम कोण विचारतं?"

बेकतुरनं ते केलं. का केलं असं लोक आता विचारतात. त्याच्या मुलाच्या सुंतेची पंगत जवळ आली होती, सासुरवाडीचे दोनशे लोक येणार होते, आणि मांस मामबेत-आताच वाटणार होते. माणसानं आणखी काय करायचं? तरी त्यानं आपल्या अधिकारात एक टीप लिहिली: सावधान, खालील तीन ओळींचा क्रम बदललेला आहे. ती बरगडीच्या फिकट पिवळ्या रंगात तीन ओळींच्या वर जाऊन बसली. दोन्ही उपप्रमुखांनी, आयुष्यात पहिल्यांदाच एकमतानं, तिला हरकत घेतली. ज्येष्ठ बोलून झाल्यावर कनिष्ठानं सावधान म्हणायचं नसतं. टीप काढण्यात आली.

हंगाम सुरू व्हायला थोडे दिवस होते तेव्हा सिर्गाचा फोन आला.

"कुबात बायके, पान फार सुंदर झालंय हो. आईला दाखवलं. ती म्हणाली, शिर्दाक अंथरलाय की काय."

शिर्दाक म्हणजे आमच्या बायका करतात तो लोकरीचा रंगीत गालिचा. मला बरं वाटलं. "विभागाला आनंद आहे."

"पण बायके, टाकायच्या कुठल्या ओळी?"

"महत्त्वाच्या ओळी ठळक रंगात आहेत."

"म्हणजे सोनेरी?"

"सोनेरी सर्वांत महत्त्वाची."

"आणि खालच्या त्या पुसट?"

"त्या दारापाशीच्या आहेत, पोरी."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात शंका होती, पण शंकेचा रकाना माझ्याकडे नव्हता. मी नोंदवलं: वाचकाचं शंकानिरसन झालं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी खोऱ्यात बर्फ पडलं. सिर्गानं बॉयलर पेटवला, संगणक लावला आणि पान उघडलं. तिनं सोनेरी ओळ उतरवून टाकली. मशीननं ती ओलांडली. चूक दाखवली नाही, काही विचारलं नाही. टिपेला काय विचारायचं? तिनं डाळिंबी ओळी टाकल्या. मग हिरव्या, मग निळ्या. जिपार एजे, त्यांची जाऊ, नवरोजच्या शुभेच्छा, बायकेंचा नातू, जाड उपप्रमुख आणि तिरके उपप्रमुख असा आमचा अख्खा विभाग त्या मशीनच्या तोंडासमोरून गेला आणि मशीननं कोणालाही ओळख दिली नाही.

तोवर शाळा भरली होती. मुलं अंगावर कोट आणि डोक्यावर टोप्या ठेवून बसली होती. प्रसूतिगृहातल्या सुईणीनं बॉयलरघरात येऊन सिर्गाला जे सांगितलं ते शासकीय भाषेत लिहिता येणार नाही. तिच्याकडे दोन दिवसांचं एक बाळ होतं आणि खिडकीला आतून बर्फ धरलं होतं.

सिर्गानं मला फोन केला. मी समितीच्या बैठकीत होतो, तरी घेतला. "बायके, काहीच होत नाहीये. सगळे रंग टाकून झाले. आता फक्त पुसट तीन राहिल्यात."

"मग त्या टाक."

"कशा टाकू?"

"कशा म्हणजे? पानावर आहेत तशा. वरून खाली."

हे उत्तर मी आजही पुन्हा देईन. पान अधिकृत होतं.

तिनं त्या पानावर होत्या तशा, वरून खाली टाकल्या. मशीननं या खेपेला ऐकलं. बिचारं सकाळपासून एका कामाच्या ओळीची वाट पाहत होतं. मिळाल्या मिळाल्या त्यानं अक्षरशः सांगितलं तसं केलं. आधी नळ कण्हले, असं मुलं सांगतात. मग शाळेच्या भिंतींवरचे लोखंडी तापक एकामागून एक फुटले. वर्गांतून वाफ आणि लालसर पाणी व्हरांड्यात आलं, व्हरांड्यातून पायऱ्यांवर, आणि पायऱ्यांवर त्याचं संध्याकाळपर्यंत बर्फ झालं. कोणी भाजलं नाही. यात विभागाचा काही हात नव्हता. प्रसूतिगृहातलं ते बाळ सिर्गानं स्वतःच्या कोटात गुंडाळून गावातल्या एका घरी, चुलीपाशी नेलं. शाळा वसंतापर्यंत बंद राहिली.

चौकशीसाठी राजधानीहून तीन साहेब आले. पाहुणे आले म्हणजे मेंढी आली, मेंढी आली म्हणजे मामबेत-आता आले. चौकशी समितीच्या अध्यक्षांना जंबाश देण्यात आलं, आणि कादिरकुल बायकेंनी त्या दिवशी मोठ्या मनानं नळीचं हाड घेतलं. साहेबांनी हात पुसले आणि पान तपासलं. प्रत्येक रंग मानाप्रमाणे होता, प्रत्येक ओळ जागेवर होती, सगळ्या ठरावांवर सह्या होत्या. असं निर्दोष पान आपण दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात पाहिलं नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच असावं.

बेकतुरनं तेवढ्यात विचारलं, "मग आता रंग काढून टाकू का?"

कादिरकुल बायकेंनी त्याच्याकडे दुखावलेल्या नजरेनं पाहिलं. "दिलेलं हाड ताटातून परत घेतात का, लेका?"

मग सिर्गाला आत बोलावलं. ती दारापाशी उभी राहिली. अंगावर आईचा कोट होता, स्वतःचा तिनं बाळाबरोबर दिला होता.

"तुम्ही पान वाचलं होतं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"वाचलं होतं, साहेब."

"पूर्ण?"

"पूर्ण. वरून खाली."

"मग कामाच्या ओळी कोणत्या, हे तुम्हाला कळलं नाही?"

"तेच विचारलं होतं मी," ती म्हणाली. "कुठली ओळ काम करते, एवढंच विचारलं होतं. त्यावरूनच तर हे सगळं सुरू झालं ना?"

यावर साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निष्कर्ष लिहून घेतला. मजकूर निर्दोष. मांडणी निर्दोष. दोष वाचकाचा: वाचकानं रंगांकडे पाहिलं, ओळींकडे नाही.

खोल्यांच्या किल्ल्या ताब्यात घ्यायला मला जावं लागलं. त्यांचं सामान कोळशाच्या ट्रकवर चढत होतं. आईनं तशाही गडबडीत मला चहा दिला, वाटी अर्धीच भरून, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा मागावा म्हणून अर्धी भरतात तशी. मी पुन्हा मागितला नाही. सिर्गानं किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि ट्रकवर चढली. मला वाईट वाटलं. कार्यालयीन नव्हे, खरोखरीचं वाईट वाटलं, आणि ट्रक वळणाआड गेल्यावरही ते बराच वेळ गेलं नाही.

पण निष्कर्षावर माझी सही आहे आणि ती मी मागे घेणार नाही. कारण तो निष्कर्ष बरोबर आहे, असं मला दिवसेंदिवस पटत चाललं आहे.

तुम्हाला पटत नसेल. तुम्ही सुजाण आहात, तुम्हाला आमची चीड आली असेल, सिर्गाची दया आली असेल. ठीक आहे. ल्युद्मिला पाकच्या त्या तीन ओळी मी तुम्हालाही सांगितल्या आहेत. याच कथेत, सुरुवातीलाच, त्यांच्या मूळ क्रमानं, साध्या काळ्या अक्षरांत. तुम्ही त्या वाचल्यात. त्यांच्यात अडकू नका असं मी म्हणालो, आणि तुम्ही अडकला नाहीत; वाचक असाच आज्ञाधारक असावा. जंबाश कोणाला मिळालं ते तुम्हाला आठवतं. जिपार एजेंना हिरवा का नको होता, तेही आठवतं.

आता समजा, किल्ल्या तुमच्या हातात आहेत. बॉयलर पेटला आहे, मुलं कोट घालून बसली आहेत, खिडकीला आतून बर्फ धरलं आहे. वर जाऊन बघू नका. तिलाही वर जाऊन बघण्यासारखं काही ठेवलेलं नव्हतं.

सांगा, आधी काय उघडायचं?